उजव्या पायाचं नख व्हिक्सने बरं झालं, मग डाव्याचं का नाही?

चाळीसडिग्री | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. विषय जरा ओंगळ आहे, जेवताना वाचू नका.

माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं बिघडली होती. डाव्याचं तीनेक वर्षांपासून. आधी कडेला पिवळा ठिपका, मग तो सरकत सरकत अर्धं नख पिवळट-तपकिरी, जाड, आणि खाली भुगा. नेलकटरच्या तोंडात नख मावत नाही, कानस मारावी लागते. उजव्याचं यंदाच सुरू झालं. ते काळपट पडलं, मला वाटलं डाव्याचीच लागण. मार्चपासून दोन्हींना व्हिक्स. रोज रात्री, न चुकता. (बायको म्हणते रविवारी विसरता.) सुरुवातीला आठवड्यातून दोनदा व्हिनेगरच्या पाण्यात पायही बुडवत होतो, पण आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्यात पायांसाठी अर्धी बादली काढली की घरात वातावरण तापतं, म्हणून उन्हाळ्यात ते सोडलं. हळद आणि खोबरेलही झालं. त्याचे डाग चादरीवर पडले, आणि चादर सासरहून आलेली, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

आता गंमत बघा. उजवं नख जवळजवळ साफ झालं. बुडापासून गुलाबी, स्वच्छ नख आलंय, काळं फक्त टोकाला किंचित उरलंय. डावं मात्र होतं तसंच. डबी एक, बोट एक, माणूस एक. एका पायाला गुण आला आणि दुसऱ्याला नाही, असं का? डाव्याला जास्त दिवस लागतील? की दुसरं काही लावू?

वय ५१. शुगर नाही, जूनमध्ये तपासली. ऑफिस एमआयडीसीत, दिवसभर पायात बूट.

उपाय घरगुतीच सांगा. गोळ्यांनी लिव्हर जातं म्हणतात.

---

शेंगाचटणी | १२ ऑक्टोबर, रात्री ९.५२

उजव्याला मराठी कळतं, डाव्याशी एकदा कानडीत बोलून बघा की ओ.

---

कोथरूडचा_सोलापूरकर | १२ ऑक्टोबर, रात्री १०.३०

हसू नका, व्हिक्स खरंच काम करतं. माझं करंगळीशेजारच्या बोटाचं नख असंच झालं होतं. चौदा महिने लावलं. आता कुणाला दाखवलं तर ओळखूही येत नाही कोणतं ते.

आणि हा काही नुसता आजीबाईचा बटवा नाही. २०११ साली अमेरिकेत त्यावर रीतसर अभ्यास झालाय. १८ लोकांना ४८ आठवडे लावायला दिलं. ५ जणांची बुरशी पूर्ण गेली, १० जणांना थोडाफार फरक, फक्त ३ जणांना काहीच नाही. म्हणजे १८ पैकी १५ जणांना फायदा! डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण डबी स्वस्त पडते. काका, डावं सोडू नका. चिकाटी ठेवा.

---

काचपट्टी | १२ ऑक्टोबर, रात्री ११.१५

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. डबीच्या किमतीशी माझं वैर नाही, सर्दीत मीही तेच लावते.

तो अभ्यास मीही वाचलाय, आकडे तुम्ही बरोबर दिलेत. दोन गोष्टी राहिल्या. एक, शेजारी दुसरा गट नव्हता. म्हणजे दुसऱ्या अठरा जणांना नुसतं व्हॅसलीन लावून, नखं कापून-घासून बघितलं असतं तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. दुसरी गोष्ट मला फार आवडते. शेवटी लोकांना विचारलं, समाधानी आहात का? अठराच्या अठरा जण म्हणाले समाधानी किंवा अत्यंत समाधानी. ज्या तिघांच्या नखात काडीचा फरक पडला नव्हता, तेही.

यातलं कापूर, मेंथॉल, निलगिरीचं तेल बुरशीला मारक नाही असं मी म्हणत नाही. काचेच्या बशीत बुरशी वाढवली आणि त्यावर हे टाकलं तर ती दबते. लसूण टाका, हळद टाका, कडुनिंब टाका, थोडंफार तेच होईल. पण बशीवर नख नसतं. पायाच्या बुरशीचं बिऱ्हाड नखाच्या पत्र्याखाली, आतल्या बाजूला असतं. वरून लावलेलं तिथवर पोचतच नाही, आणि इथेच बहुतेक सगळे उपाय गळपटतात. घरगुतीही आणि दुकानातलं साधं मलमही.

चाळीसडिग्री काका, तुमचा प्रश्न मात्र फार चांगला आहे. एक डबी, दोन पाय, दोन निकाल. उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. उजवं नख काळं झालं ते हळूहळू की एकदम? काळेपणा कडेने सुरू झाला की मधोमध? आणि त्या पायाला मार लागला होता का?

---

चाळीसडिग्री | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

मॅडम, मार वगैरे काही लागला नाही. एकदम की हळूहळू ते सांगता येणार नाही, थंडीत पायमोजे असतात. लक्षात आलं तेव्हा मधलाच भाग काळा-जांभळा होता. तिथपासूनच व्हिक्स सुरू केलं.

---

लेकीचीआई | १३ ऑक्टोबर, दुपारी २.०५

काका, तुम्हाला शुगर नाही हे वाचून बरं वाटलं. ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहिते.

माझ्या आईला अठरा वर्षं शुगर. अंगठ्याचं नख असंच जाड. शेजारच्या अक्कांनी सांगितलं, गरम पाण्यात व्हिनेगर घाल आणि पाय बुडव. आईने ऐकलं. पाणी किती गरम आहे ते हाताने बघितलंच नाही, थेट पाय घातले. तिला काही लागलंच नाही, कारण पायांना जाणीवच कमी. टीव्ही बघत वीस मिनिटं बसली. संध्याकाळी मी पाय पुसायला घेतले तर टॉवेलला कातडी चिकटून आली. पुढचे अडीच महिने ड्रेसिंग. नख जागेवरच आहे अजून, जसंच्या तसं.

एवढंच सांगायचं होतं. हा धागा वाचून कुणी आपल्या आईला सांगायला जाऊ नये म्हणून.

---

काचपट्टी | १३ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

लेकीचीआई, लिहिलंत हे फार बरं केलंत. शुगरवाल्यांच्या बाबतीत नखाची बुरशी हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. जाड नख बुटात दाबतं, खाली जखम होते, ती कळत नाही. बोटांच्या बेचक्यात बुरशीने भेगा पडल्या की तिथून जंतू शिरून पाय सुजतो, लाल होतो, ताप येतो. त्यांनी घरी कानस, ब्लेड, गरम पाणी, कच्चा लसूण यातलं काहीही करायचं नाही. लसणाने तर शुगर नसलेल्यांचीही कातडी भाजते.

---

डाईंगमास्तर | १३ ऑक्टोबर, रात्री ८.५०

व्हिनेगरला इतकं पण वाईट म्हणू नका. मी डाईंगमध्ये आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्याकडे पाय दिवसभर ओले. गमबूट घातला तर आत घाम, नाही घातला तर रंगाचं पाणी. मागच्या पावसाळ्यात माझं नख हिरवं झालं. हिरवं म्हणजे हिरवं, मोराच्या पिसासारखं. पोरं म्हणाली मास्तर, रंग उतरला तुमच्यावर. घासून घासून दमलो, जाईना. शेवटी पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून रोज पाय ठेवला, सैल झालेलं नख कापलं, चपला बदलल्या. महिना-दीड महिन्यात हिरवेपणा गेला. परत आला नाही. माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट आहे.

---

काचपट्टी | १३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

मास्तर, शंभर टक्के खरं. पण ती बुरशी नव्हती!

हिरवं नख करणारा जिवाणू असतो, स्यूडोमोनास नावाचा. त्याला ओल लागते आणि तो हिरवा रंग सोडतो. नख खालून सुटलेलं असलं की त्या फटीत बसतो. त्याला व्हिनेगरमधलं आम्ल मानवत नाही, कोरडेपणाही मानवत नाही. तुम्ही केलंत तेच आम्हीही सांगतो. तुमचा उपाय लागू पडला, कारण रोगच वेगळा होता. तेच व्हिनेगर काकांच्या डाव्या नखावर वर्षभर ओतलं तरी फारसं काही होणार नाही.

नखाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत ढोबळमानाने निम्म्यांनाच बुरशी निघते. बाकीच्यांना सोरायसिस, जुना मार, तंग बूट, लायकेन प्लॅनस नावाचा त्वचारोग, कुणाला नुसतं वयाने जाडावलेलं नख. बघायला सगळी सारखी. मीही नुसतं बघून छातीठोक सांगत नाही.

---

डाईंगमास्तर | १३ ऑक्टोबर, रात्री ९.४५

असं होय. मी तर दहा जणांना व्हिनेगर सांगून बसलो.

---

शेंगाचटणी | १३ ऑक्टोबर, रात्री ९.४८

दहापैकी पाच समाधानी असतील आणि पाच अत्यंत समाधानी. काळजी नसावी.

---

जुळेसोलापूर_सूनबाई | १४ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

आमच्या घरातली गोष्ट. ह्यांच्या हाताच्या दोन आणि पायाच्या चार नखांवर दीड वर्ष बुरशीचं औषध चाललं. आधी टी ट्री ऑइल, मग नेलपॉलिशसारखं मिळतं ते, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या. एकाही डॉक्टरने नखाचा तुकडा तपासायला पाठवला नाही. शेवटी एकीने हाताची नखं नीट उजेडात धरली. त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. मग विचारलं, डोक्यात खवले येतात का, सकाळी बोटं आखडतात का? दोन्ही होतं. सोरायसिस निघाला. बोटं आखडायची ती त्याच सोरायसिसचा संधिवात.

टी ट्रीचा अजून वास येतो एका कपाटाला.

---

काचपट्टी | १४ ऑक्टोबर, दुपारी १.२५

टी ट्रीचं निघालंच आहे तर तेही सांगते. १९९४ साली ११७ जणांवर तुलना झाली होती. निम्म्यांना शंभर टक्के टी ट्री तेल, निम्म्यांना क्लोट्रिमाझोलचं एक टक्का द्रावण, दिवसातून दोनदा, सहा महिने. सहा महिन्यांनी तपासणीत बुरशी गेलेली आढळली ती तेलवाल्यांत १८ टक्के आणि क्लोट्रिमाझोलवाल्यांत ११ टक्के. 'टी ट्री औषधाच्या बरोबरीचं' अशी जाहिरात यावरूनच निघते. बरोबरीचं आहे खरं, पण कुणाच्या बरोबरीचं? क्लोट्रिमाझोल बोटांच्या बेचक्यांत उत्तम, जाड नखावर मात्र ते मुळात लंगडं. लंगड्याबरोबर धावून बरोबरी केली.

नेलपॉलिशसारखं औषध म्हणजे अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्स. अर्ध्यापेक्षा कमी नख गेलंय, मूळ शाबूत आहे, तर उपयोग होतो, पण सावकाश. सायक्लोपिरॉक्सच्या चाचण्यांत रोज लावून ४८ आठवड्यांनी नख पूर्ण नितळ झालेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. दुकानातल्या औषधाची ही गत, मग हळदीला कशाला दोष द्यायचा.

---

बाळीवेसकर | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

दोन दिवस वाचतो आहे. वय ७३, त्यामुळे सावकाश टंकतो.

इथे सगळे घरगुती उपायांवर तुटून पडलेले दिसतात. आमच्या घरी वैद्यकी होती, वडिलांपर्यंत. पावसाळ्यात चिखल्या झाल्या की मेंदी वाटून बोटांच्या बेचक्यात भरायची, सगळं गाव तेच करायचं, आणि लोक बरे होत. तेव्हा जुनं ते सगळं खोटं असा सूर नको.

आता नखाचं. सुश्रुताने क्षुद्ररोगांत 'कुनख' सांगितला आहे. नख रुक्ष, काळं आणि खरखरीत होतं. पण त्याचं कारण काय दिलं आहे? अभिघात. म्हणजे मार. वडील नख बघायला घेतले की पहिला प्रश्न हाच विचारत, पायावर काय पडलं होतं? माणूस नाही म्हणायचा. मग ते घरच्या बाईला विचारत. काळं नख आणि पिवळं भुग्याचं नख त्यांनी कधी एका माळेत ओवलं नाही.

धागाकर्त्यांनी घरी विचारावं.

---

काचपट्टी | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

आजोबा, नमस्कार. हाच प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला होता, पण घरच्या बाईला विचारायचं मला सुचलं नाही.

चिखल्यांबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. तिथे कातडी पातळ, लावलेलं पोचतं, आणि मेंदी लावून माणूस तास-दोन तास पाय कोरडे ठेवून बसतो, तोही उपचारच. नखाचा पत्रा हाच फरक.

---

चाळीसडिग्री | १४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

आजोबा, तुमच्या पाया पडतो.

बायकोला विचारलं. तिने पोळी लाटता लाटता मागे न बघता सांगितलं, 'सिलिंडर.'

भोगीचा दिवस. तव्यावर बाजरीची भाकरी आणि गॅस संपला. मला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जायची घाई, त्या दिवशी अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक असतो. गडबडीत भरलेला सिलिंडर तिरका करून फिरवत आणत होतो, तो कडप्प्यावर घसरला आणि त्याची खालची कडा उजव्या अंगठ्यावर टेकली. बायको म्हणते तुम्ही ओरडला होता, आणि मग भाकरी गार झाली म्हणून माझ्यावरच चिडला होता. तसाच गेलो, अनवाणी. दिवसभर मिरवणुकीत चाललो. रात्री पाय ठणकला तो चालण्याने असं मीच ठरवून टाकलं असणार. मला खरंच यातलं काही आठवत नव्हतं. भाकरी आठवते.

मग आता मॅडम, उजवं नख व्हिक्सने बरं झालं की नाही?

---

काचपट्टी | १४ ऑक्टोबर, रात्री १०.५५

काका, हिशोब तुम्हीच करा. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. हाताचं त्याच्या दुप्पट. भोगीपासून आजपर्यंत नऊ महिने. नऊ गुणिले दीड, साडेतेरा. अंगठ्याच्या नखाची लांबी दीड-पावणेदोन सेंटीमीटर धरा. म्हणजे तेव्हा साकळलेलं रक्त आता टोकाशी यायलाच हवं होतं, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलंत की काळं फक्त टोकाला उरलंय. आणखी दोनेक महिन्यांत नेलकटरमध्ये जाईल. व्हिक्स लावा, तूप लावा, काही लावू नका, नख आपल्या चालीने चाललंय.

तुमची डबी दोन पायांवर सारखीच वागली. दोन्हीकडे तिने काही केलं नाही. एकीकडे करण्यासारखं काही नव्हतंच.

एक मात्र ध्यानात ठेवा, बाकीच्यांनीही. मार लागल्याचा काळेपणा नखाबरोबर पुढे सरकतो, मागे गुलाबी नख येतं. काळी उभी रेघ असेल, जागची हलत नसेल, रुंद होत असेल किंवा नखामागच्या कातडीवर उतरत असेल, तर तिथे धागा काढायचा नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. क्वचित तो नखाखालचा कर्करोग असतो.

---

कोथरूडचा_सोलापूरकर | १४ ऑक्टोबर, रात्री ११.३०

मग माझं काय होतं? ट्रेकला तंग बूट घालायचो तेव्हा... जाऊ द्या. मी विचार करतो.

---

शेंगाचटणी | १४ ऑक्टोबर, रात्री ११.३३

चौदा महिने चिकाटी ठेवली ना, मग झालं तर.

---

काउंटरमागे | १५ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

औषधाचं दुकान आहे, म्हणून बाजूने चार शब्द. आमच्याकडे नखाचा पेशंट येतो तो सगळे घरगुती उपाय संपवून, आणि डॉक्टरकडे जायच्या आधी. मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो ते 'तीन इन वन' मलम द्या, मागच्या वेळी खाज लगेच थांबली होती. ती थांबते, कारण त्यात स्टेरॉइड असतं. लाली जाते, बुरशी आत मजेत वाढते, मांडीपर्यंत चढते. २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कागदावर. मी नाही दिलं की पुढच्या चौकात मिळतं, आणि माणूस मलाच शिव्या घालून जातो.

तेव्हा घरगुती उपायाने निदान पैसा आणि वेळच जातो. हे मलम बुरशी पोसतं.

---

चाळीसडिग्री | १५ ऑक्टोबर, रात्री ९.०५

डाव्या पायाचं काय करू ते सांगा मॅडम. गोळ्यांची भीती आहेच.

---

काचपट्टी | १५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

आधी तपासणी. दोन आठवडे त्या नखाला काहीही लावू नका, व्हिक्सही नाही. मग त्वचारोगवाल्याकडे जा. इथे सिव्हिलच्या ओपीडीतही होतं. ते नख कापून त्याच्याखालचा भुगा खरवडून घेतील. नुसत्या टोकाचा तुकडा देऊ नका, जिवंत बुरशी आतल्या बाजूला असते. तो भुगा काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की नख विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. याला केओएच म्हणतात. कल्चर लावलं तर कोणती बुरशी ते कळतं, पण त्याला तीन-चार आठवडे लागतात. केओएच एकदा निगेटिव्ह आली म्हणून बुरशी नाहीच असं नसतं, पुन्हा करावी लागते.

पॉझिटिव्ह आली आणि अर्धं नख गेलेलं, तर बहुतेक टर्बिनाफिनची गोळी सांगतील. पायाच्या नखाला रोज २५० मिलिग्रॅम, १२ आठवडे. सुरू करण्याआधी लिव्हरची रक्त तपासणी. लिव्हरला इजा होते, पण क्वचित. ज्यांचं लिव्हर आधीच दुखावलेलं किंवा जे रोज पितात त्यांना देत नाही. काहींची तोंडाची चव जाते काही दिवस. यश? साधारण दहापैकी सात जणांची बुरशी जाते. नख पूर्ण नितळ दिसतं ते त्याहून कमी जणांचं. शंभर टक्के मीही सांगणार नाही. लेकीचीआई, तुमच्या आईला कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर इट्राकोनाझोल नावाची दुसरी गोळी परस्पर घेऊ नका, दोघींचं जमत नाही. हार्ट फेल्युअरवाल्यांनाही ती चालत नाही.

आणि हे मोबाइलमध्ये वाचून दुकानात जाऊन मागायचं नाही. काउंटरमागे, तुम्ही देऊ नका.

---

काउंटरमागे | १५ ऑक्टोबर, रात्री १०.१८

देत नाही. पुढच्या चौकाचं मी काय करू?

---

चाळीसडिग्री | ८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

अपडेट. डाव्याची केओएच पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी उजवंही बघितलं, हसले, म्हणाले याला काय झालंय? बेचक्यातही बुरशी निघाली, करंगळीजवळ. ती मला माहीतही नव्हती. तिथूनच नखात शिरली असावी म्हणाले. त्यासाठी वेगळं मलम. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्त तपासणी, नॉर्मल. गोळी सुरू केली.

अजून सांगितलं ते असं. बुटांचे दोन जोड, आलटून पालटून, म्हणजे एक जोड दिवसभर वाळेल. पायमोजे रोज धुतलेले. नेलकटर माझा वेगळा. टॉवेलही वेगळा. आम्ही टॉवेलच्या गावात राहून घरात चौघांत दोन टॉवेल वापरत होतो, हे डॉक्टरांसमोर कबूल करताना लाज वाटली.

डॉक्टरांनी एक गोष्ट केली ती आवडली. नखाचा चांगला भाग संपून पिवळा सुरू होतो तिथे ब्लेडच्या टोकाने बारीक आडवी खूण केली. म्हणाले, खूण पुढे जाईल. पिवळं तिच्या मागे आलं नाही तर औषध लागू पडतंय. रोज बघू नका, वेड लागेल.

---

बाळीवेसकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

खुणेची युक्ती उत्तम. आमच्या वडिलांना ती माहीत असती तर त्यांनी दोन-तीन लेप नक्की सोडले असते.

---

चाळीसडिग्री | ४ डिसेंबर, रात्री ८.४०

कल्चर आलं. ट्रायकोफायटन रुब्रम. डॉक्टर म्हणाले पायाच्या नखात बहुतेक वेळा हीच सापडते. तोंडाला आठ-दहा दिवस चव नव्हती, आता आली. शेंगाचटणी, तुमची आठवण झाली, भाकरीबरोबर तीही मातीसारखी लागत होती.

---

शेंगाचटणी | ४ डिसेंबर, रात्री ८.४४

हा अपमान मी विसरणार नाही.

---

लेकीचीआई | ५ डिसेंबर, दुपारी १२.३०

आईचं नखही तपासून घेतलं. केओएच दोनदा निगेटिव्ह. वयाचं आणि चपलेच्या दाबाचं जाडेपण म्हणाले. युरियाचं ४० टक्क्यांचं मलम देऊन मऊ केलं आणि तिथेच मशीनने घासून पातळ केलं. औषध काही नाही. अठरा महिने आम्ही ज्या बुरशीशी लढत होतो ती नव्हतीच.

---

चाळीसडिग्री | २० फेब्रुवारी, रात्री ९.१५

गोळ्या जानेवारीअखेर संपल्या. यंदा भोगीला सिलिंडर मुलाने लावला, मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. नंदीध्वजांना गेलो, चपला घालून, कडेला उभा राहून.

ब्लेडची खूण साडेतीन महिन्यांत पाचेक मिलिमीटर पुढे गेलीय. मागे स्वच्छ नख, पिवळं नाही. पुढचा निम्मा भाग अजून तसाच ओंगळ आहे, डॉक्टर म्हणाले पूर्ण जायला या वर्षाची दिवाळी उजाडेल, आणि परतही येऊ शकते, म्हणून बेचक्यांवर लक्ष ठेवा. उजव्याचं काळं डिसेंबरातच कापलं गेलं.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काय काय लावलं होतं? सगळं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर सगळं लिहून घेतलं, हळदसुद्धा.

व्हिक्सची अर्धी डबी शिल्लक आहे. टाकवत नाही. बायकोने झाकणावर मार्करने 'पाय' असं लिहून ठेवलंय, चुकून कुणी नाकाला लावू नये म्हणून.